हृदय बंद पडणं हा आजार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या अंकात तीन मृत्यूंच्या बातम्या वाचल्या. घोणस चावलेला एक शेतमजूर ‘उपचार सुरू असताना हृदयक्रिया बंद पडून’ गेला. कावीळ होऊन महिनाभर रुग्णालयात असलेले एक माजी सरपंच ‘हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने’ गेले. आणि खुब्याचं हाड मोडून दोन महिने अंथरुणाला खिळलेल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका ‘हृदय बंद पडल्याने’ गेल्या. तिन्ही बातम्या एका ओळीत ठेवल्या तर वाचणाऱ्याला वाटावं, तिघांना एकच आजार होता.

मी ३२ वर्षं एका सरकारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये सांख्यिकी सहायक होते. डॉक्टर नाही, सिस्टर नाही. वॉर्डात मेलेल्या माणसाचा कागद शेवटी माझ्या टेबलावर यायचा आणि त्यावरच्या आजाराला मी नंबर द्यायचे, एवढंच माझं काम. नोकरीला लागले तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची नववी आवृत्ती चालू होती, त्यात आजारांना नुसते आकडे होते. मधुमेह म्हणजे २५०. अजूनही वाण्याचं बिल २५० झालं की मला मधुमेह आठवतो. पुढे दहावी आवृत्ती आली, आकड्यांच्या आधी अक्षर लागलं, मधुमेह ई १० ते ई १४ मध्ये गेला. हृदय बंद पडणं होतं ४२७.५, ते झालं आय ४६. हा आय ४६ मी एवढ्या वेळा लिहिला आहे की त्याचा मला वीट आला आहे, आणि हे पत्र त्या विटाबद्दलच आहे.

हृदय बंद पडल्याशिवाय मेलंय कोण? हा प्रश्न मी नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका हाउसमनला, म्हणजे वॉर्डातल्या शिकाऊ डॉक्टरला, विचारला होता. रात्रपाळी करून तो डोळे चोळत सहीला आला होता. फॉर्मवर एकच ओळ, ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’. म्हणजे हृदय थांबलं, श्वास थांबला. मी म्हटलं, “साहेब, हे तर मेल्याचं लक्षण झालं. कशानं मेला ते कुठंय?” तो आधी चिडला, मग हसला, मग खुर्ची ओढून बसला आणि वॉर्डातून केसपेपर मागवून घेतला. त्या माणसाला क्षय होता, खोकल्यातून रक्ताची उलटी होऊन तो गेला होता. फॉर्म पुन्हा लिहिला गेला आणि क्षयाच्या रकान्यात एक माणूस वाढला. नाहीतर तो हृदयाच्या रकान्यात गेला असता, आणि त्याच्या घरातल्या बाकीच्यांची थुंकी तपासायची गरज कुणाला वाटली नसती.

गंमत अशी की हे फॉर्मवरच छापलेलं असायचं. मृत्यूला कारण झालेला आजार, इजा किंवा गुंतागुंत लिहा, मरण्याचा नुसता प्रकार लिहू नका, आणि उदाहरणादाखल ‘हार्ट फेल्युअर’ हेच शब्द. बारीक अक्षरात, खाली. बारीक अक्षरं कोण वाचतं?

फॉर्मची रचना साधी आहे. पहिल्या भागात तीन ओळी, अ, ब आणि क. ‘अ’वर शेवटी ज्याने प्राण गेला तो आजार. ‘ब’वर तो ज्यामुळे झाला तो. ‘क’वर तोही ज्यामुळे झाला तो. प्रत्येक ओळीसमोर तो आजार मृत्यूच्या किती आधी सुरू झाला त्याचा काळ: तास, दिवस, वर्षं. दुसऱ्या भागात हातभार लावणारे, पण या साखळीत थेट न बसणारे आजार. आमच्याकडे विकृतिशास्त्राचे एक प्राध्यापक होते, ते नव्या मुलांना सांगत, “लिहायचं वरून खाली, वाचायचं खालून वर. आणि दोन ओळींच्या मध्ये ‘मुळे’ घालून बघा. बसलं तर बरोबर, अडखळलं तर चूक.” मधुमेहामुळे पाय सडला, पाय सडल्यामुळे विष अंगभर गेलं. बसलं. हृदय बंद पडल्यामुळे घोणस चावली? अडखळलं. एवढी सोपी परीक्षा मी दुसरी पाहिली नाही. आणि नंबर मिळतो तो सर्वांत खालच्या ओळीला. साखळी जिथून सुटली तिला मूळ कारण म्हणायचं आणि देशाच्या आकडेवारीत तेच जातं. कारण साखळी थांबवायची असेल तर ती तिथेच थांबवता येते.

या ‘मुळे’च्या शास्त्राला पॅथोफिजिऑलॉजी म्हणतात. मराठीत विकृतिशरीरक्रियाशास्त्र असा शब्द केला आहे, तो म्हणेपर्यंत पेशंट घरी जाईल. त्यापेक्षा आयुर्वेदातला ‘संप्राप्ती’ मला आवडतो. निदान म्हणजे कारण, रूप म्हणजे लक्षणं, आणि कारणापासून लक्षणांपर्यंत रोग अंगात ज्या वाटेने येतो ती संप्राप्ती. आधुनिक पुस्तकातही विभागणी जवळपास अशीच आहे: रोग का झाला, कसा वाढला, पेशींत काय बदल झाला, बाहेर काय दिसलं.

आता हे सगळं मी आत्ताच का लिहिते आहे, ते सांगते.

माझे थोरले दीर २०२४च्या सप्टेंबरात गेले. वय ६१. साखर १४ वर्षांची, गोळ्या आठवण झाली तर. तरुणपणापासून बिडी. ऑगस्टच्या शेवटी पावसाने ओढ दिली म्हणून उसाला पाणी द्यायला गेले. दारं धरायची तर चिखलात चप्पल टिकत नाही, म्हणून अनवाणी. डाव्या पायाच्या करंगळीखाली बाभळीचा काटा मोडला, आणि भाऊजींना कळलंच नाही. जाऊबाईंना तिसऱ्या दिवशी चादरीवर डाग दिसला, तेव्हा शोध लागला. “दुखत नाही ना, मग काय करायचंय,” असं म्हणून हळद-तेल गरम करून लावलं. सहाव्या दिवशी करंगळी काळी पडली, वास यायला लागला. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात नेलं. नवव्या दिवशी पाय गुडघ्याखालून काढला, आणि दुसऱ्या दिवशी ते गेले.

‘दुखत नाही’ हेच सगळ्यांत वाईट लक्षण होतं, ते आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही, आणि मी वर्षानुवर्षं ई ११.५, म्हणजे मधुमेहाने रक्तवाहिन्या बिघडणं, लिहीत होते.

तोच काटा माझ्या पायात मोडला असता तर काय झालं असतं? तासाभरात जागा लाल झाली असती, सुजली असती, हाताला गरम लागली असती, आणि ठणकली असती. लाली, सूज, ऊब, ठणका ही चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. हा दाह म्हणजे रोग नव्हे, ती शरीराची धावपळ आहे. काट्याभोवतीच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. त्यांच्या भिंती सैल होऊन पाणी बाहेर झिरपतं, म्हणून सूज. त्या फटींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडून जंतूंवर तुटून पडतात. ठणक्यामुळे मी लंगडले असते, पाय वर घेऊन बसले असते, सुई तापवून काटा काढला असता. म्हणजे ठणकासुद्धा उपचारच.

भाऊजींच्या पायात यातलं काहीच धड झालं नाही. वर्षानुवर्षं वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा आधीच बधिर केल्या होत्या, त्यामुळे निरोप वर गेला नाही. रक्तवाहिन्या साखरेने आणि बिडीने अरुंद केल्या होत्या, त्यामुळे कुमक पुरेशी पोचली नाही. जेवढ्या पांढऱ्या पेशी पोचल्या त्या साखरेच्या रक्तात सुस्तावलेल्या. जंतूंना मात्र काही कमी पडलं नाही. रक्त न मिळालेलं मांस मेलं. नुसता रक्तपुरवठा तुटला असता तर बोट वाळून काळं पडलं असतं, त्याला कोरडं गँगरीन म्हणतात आणि ते सावकाश चालतं. त्यात जंतू शिरले की ते ओलं होतं, मग त्याची घाई आवरत नाही.

आणि मग सेप्सिस. हा शब्द आपल्याकडे ‘रक्तात विष भिनलं’ असा सांगतात, ते अर्धंच खरं आहे. जो दाह एका बोटापुरता राहायचा तो अंगभर पेटतो. सगळ्याच रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, सगळीकडेच पाणी झिरपतं, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडाला रक्त पुरत नाही, लघवी आटते, फुप्फुसात पाणी भरतं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. हृदय शेवटपर्यंत धावत होतं, मिनिटाला १३०–१४०ने. पुतण्याने मॉनिटरवर बघितलं होतं. सगळ्यांत शेवटी ते थांबलं. आणि कागदावर गुन्हा त्याच्याच नावावर लागला.

तो कागद मी वर्षश्राद्धाच्या दिवशी पाहिला. पूर्वी हा कागद घरच्यांना दिसतच नसे. रुग्णालयातून तो थेट निबंधकाकडे जाई, आणि बँकेत द्यायला किंवा सातबाऱ्यावर वारस लावायला आपण जो मृत्यूचा दाखला काढतो त्यावर कारण नसतं, ते उघड करायला १९६९च्या कायद्यानेच मनाई आहे. २०२३ साली त्या कायद्यात दुरुस्ती झाली, १ ऑक्टोबर २०२३ पासून ती लागू आहे. आता रुग्णालय सरकारी असो की खासगी, कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची आहे. चांगली गोष्ट झाली. पण त्यामुळेच चुकीचा कागद आता घरात येऊन बसतो.

भाऊजींच्या कागदावर ‘अ’ला लिहिलं होतं, कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट. ‘ब’ला आडवी रेघ. ‘क’ला आडवी रेघ. दुसरा भाग कोरा. काळाच्या रकान्यात काही नाही. पाय कापलेल्या माणसाच्या कागदावर पायाचा उल्लेख नाही!

पुतण्याचं वय ३४. खतं-औषधांचं दुकान आहे, दिवसभर गल्ल्यावर बसून. तो मला म्हणाला, “काकू, आपल्यात हार्ट आहे ना, म्हणून मी सगळं करून घेतलं. ईसीजी, टूडी इको, ट्रेडमिल. सगळं नॉर्मल आलं.” मी विचारलं, “साखर बघितलीस?” म्हणाला, “साखरेचं काय, पप्पा तर हार्टनं गेले.”

मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्याला उपाशीपोटी लॅबमध्ये नेला. तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीए१सी, आली ७.९. साडेसहापासून मधुमेह धरतात. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला लावले आणि नायलॉनच्या जाड दोऱ्यासारखा तुकडा तळव्याला एकेका जागी टेकवून विचारलं, “आता लागलं? आता?” दोरा वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा दाब पडतो. पोराला सगळ्या जागी कळलं. करंगळीखाली टेकवताना माझाच श्वास अडकला होता.

एका ओळीच्या आळसापायी त्याने पैसे टाकून हृदय तपासलं आणि साखर वर्षभर तशीच चढू दिली. कागद नीट लिहिला असता तर असा असता: अ, सेप्टिक शॉक, एक दिवस. ब, डाव्या पायाचं ओलं गँगरीन, साधारण पाच दिवस. क, मधुमेह टाइप २, चौदा वर्षं. दुसऱ्या भागात धूम्रपान. खालून वर वाचून बघा, दोन्ही ठिकाणी ‘मुळे’ बसतं.

‘मग काट्याचं काय?’ असं कुणी चाणाक्ष वाचक विचारील. काट्यालाही नंबर आहे, डब्ल्यू ६०, वनस्पतीचे काटे व धारदार पाती. पण साधा काटा सुदृढ माणसाला मारत नाही. ठिणगी एक, गंजी दुसरी. त्या शिवारात बाभळीचे काटे सगळ्यांनाच मोडतात, मेले ते एकटेच. अशा ठिकाणी मी मधुमेह धरला असता आणि त्यावर वाद घालायला तयार राहिले असते. नंबर देण्यातही विचार असतो, ती नुसती कारकुनी नसते, हे या निमित्ताने सांगून टाकते.

आता हृदयाच्या शब्दांबद्दल, कारण इथे वर्तमानपत्रांचा हात आहे. ‘झटका’, ‘बंद पडणं’ आणि ‘फेल’ हे तीन शब्द आपण एकाच पोत्यात भरतो. झटका म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या एखाद्या धमनीत गुठळी अडकून हृदयाच्या स्नायूचा तुकडा मरणं. तो आय २१, आणि त्यातून माणूस वाचतो, उद्या दुकान उघडतो. बंद पडणं म्हणजे ठोके थांबणं किंवा नुसतं थरथरणं. ते झटक्याने होईल, शॉक लागून होईल, बुडून होईल, घोणशीच्या विषाने होईल. तो शेवट आहे, आजार नव्हे. आणि हार्ट फेल्युअर म्हणजे पंपाची ताकद कमी होणं. पायाला सूज, दोन जिने चढले की धाप, रात्री तीन उशा. असा माणूस पाच-दहा वर्षं ओपीडीत चालत येतो. गावात ‘हार्टफेल झाला’ म्हणजे मेला, आणि डॉक्टर पेशंटला सांगतात ‘तुमचं हार्ट फेल आहे’, तेव्हा तो समोर बसलेला असतो. आमच्या ओपीडीबाहेर एक म्हातारी त्या वाक्याने रडत बसली होती, तिचा नवरा शेजारीच वडापाव खात होता.

पूर्वी हा मान ‘ताप’ या शब्दाला होता. इंग्रजांच्या काळात गावचा माणूस मृत्यूची खबर देई. पटकी, देवी, प्लेग हे त्याला ओळखू येत. बाकी बहुतेक सगळं ‘ताप’ या रकान्यात जाई. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतरोग, सगळे तापच. पण ती नोंद करणाऱ्याला थर्मामीटरही माहीत नव्हता, त्याला दोष कसा द्यायचा? लंडनमध्येही १६६५च्या प्लेगच्या वर्षी छापलेल्या मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांत ‘दात’, ‘म्हातारपण’, ‘घाबरून’, ‘दुःखाने’, ‘अचानक’ असे रकाने होते. दात येण्याच्या वयातली मुलं मरत, म्हणून कारण दात. तिथून गाडी पुढे यायला दोनशे वर्षं लागली. मॉर्गाग्नी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १७६१ साली शवविच्छेदनं मांडून दाखवलं की रोगाला शरीरात जागा असते. फिर्खो या जर्मन डॉक्टरने १८५८ साली ती जागा पेशीपर्यंत नेली. जाक बर्तियों या पॅरिसच्या सांख्यिकीतज्ज्ञाने १८९३ साली शिकागोच्या बैठकीत मृत्यूच्या कारणांची यादी मांडली, तिच्याच वंशात माझी ती दहावी आवृत्ती. १९४८ला सहाव्या आवृत्तीपासून जागतिक आरोग्य संघटनेने ती हातात घेतली, अकरावी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली.

वर्गीकरण म्हटलं की लोकांना वाटतं, आजारांचं एक सरळ झाड असेल. तसं नसतं. माझ्या स्वयंपाकघरात काही भांडी धातूप्रमाणे लावली आहेत, काही कामाप्रमाणे, आणि पुरणयंत्र, शेवेचा सोऱ्या, चकल्यांचे साचे हे माळ्यावर ‘दिवाळीचं’ म्हणून. तिथे पितळ नि स्टील एकत्र नांदतात. रोगांचंही तेच. न्यूमोनिया फुप्फुसाचा म्हणून श्वसनाच्या प्रकरणात, पण क्षयही फुप्फुसाचाच आणि तो जंतुसंसर्गात, कारण त्याला रोखायचं तर जंतूच्या बाजूने. रक्तक्षय रक्ताच्या प्रकरणात, पण गरोदर बाईचा रक्तक्षय बाळंतपणाच्या. साप चावला तर दोन नंबर, एक विषाने काय केलं त्याचा आणि एक साप चावल्याचा, आणि मूळ कारणात दुसराच धरतात. कुठे कारण बघायचं, कुठे अवयव, कुठे वय, हे ‘कामाला काय येईल’ यावर ठरतं. सुश्रुतानेही रोगांचे सात गट केले, त्यात आईबापांच्या बीजातून आलेले वेगळे, गर्भात झालेले वेगळे, आघाताचे वेगळे, ऋतूमुळे होणारे वेगळे, आणि भूक-तहान-म्हातारपण हे ‘स्वभावाचे’ म्हणून वेगळे. मला त्यातला हा शेवटचा गट फार शहाणपणाचा वाटतो.

घरं बदलतातही. पक्षाघात सहाव्या-सातव्या आवृत्तीत मज्जासंस्थेत होता. आठवीत तो रक्ताभिसरणात गेला, कारण मुळात रक्तवाहिनी फुटते किंवा तुंबते. अकरावीत पुन्हा मज्जासंस्थेत आला, कारण मरतो मेंदू. सासरी गेलेली लेक पन्नास वर्षांनी माहेरी परतावी तसं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, फक्त एका वेळी एकच घर देता येतं. याच अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या निदानांसाठीही जागा केली आहे, तो भाग जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत जाहीर झाला. पण किती बारीक कप्पे केले तरी वरून ‘हृदय बंद’ एवढंच पडणार असेल तर कप्प्यांचा काय उपयोग?

डॉक्टरांची बाजू मला ठाऊक नाही असं नाही. पहाटे तीनला मेलेला पेशंट, सही करणारा कालच ड्युटीवर आलेला, नातेवाईक ‘बॉडी लवकर द्या, गाव लांब आहे’ म्हणून दाराशी, आणि जुने कागद घरी ट्रंकेत. काही वेळा पेशंट मेलेलाच आणतात, मग तर अंधारात तीर. ‘मधुमेह’ लिहिला तर विम्याचा क्लेम अडेल म्हणून नातेवाईकच गळ घालतात, ‘दारू’ लिहू नका म्हणून हात जोडतात. हेही मी पाहिलं आहे. तरीही खरं माहीत नसेल तर ‘कारण निश्चित नाही’ असं लिहायला फॉर्म मज्जाव करत नाही. त्यालाही नंबर आहे, आर ९९. तो निदान खोटं तरी बोलत नाही.

आणि असे कागद मुळात आहेतच किती? २०२० सालच्या सरकारी अहवालाप्रमाणे देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी २२.५ टक्के मृत्यूंनाच डॉक्टरी कारणाचा दाखला होता. बाकीचे घरी, शेतात, रस्त्यात. म्हणजे पाचात जेमतेम एकाचं कारण कागदावर येतं, आणि त्यातही आय ४६. सापाने मेलेला माणूस हृदयात गेला, तर तालुक्याला सापाची लस किती लागते याचा हिशेब कोण करणार?

संपादक महोदय, आपल्या बातमीदारांना एवढंच सांगा, की रुग्णालयातून ‘हृदय बंद पडलं’ असं उत्तर आलं तर पुढे ‘कशामुळे?’ एवढा एक शब्द विचारावा. ‘अल्पशा आजाराने निधन’ याला माझी हरकत नाही. ती घरच्यांची मर्जी आहे आणि त्यात खोटं काही नाही. पण सर्पदंशाला हृदयविकार म्हणू नका. आणि ज्यांच्या घरी असा प्रसंग आला आहे त्यांनी प्रत हातात आली की काउंटरवरच वाचावी. रेघा मारलेल्या दिसल्या तर तिथेच विचारावं. रडण्यात वाचायचं राहून जातं, आमचंही राहिलं.

भाऊजींचा कागद दुरुस्त करून मिळावा म्हणून पुतण्याच्या सहीने मी अर्ज लिहिला. शस्त्रक्रियेचा कागद, डिस्चार्जच्या फाइलची झेरॉक्स, जुने साखरेचे रिपोर्ट जोडले. निबंधकाकडची नोंद दुरुस्त करायची सोय कायद्यात आहे, पण आधी रुग्णालयाने नवं प्रमाणपत्र द्यायला हवं. तिथल्या खिडकीवरचा मुलगा भला होता. म्हणाला, “मावशी, वर्ष झालं आता. कारण बदलून तुम्हाला मिळणार काय?” मी म्हटलं, “मला काही नको. तू पोच दे.” त्याने शिक्का शोधला, शाई वाळली होती, त्यावर फुंकर मारून दोनदा उमटवला. आवक क्रमांक आणि तारीख घातलेली पोच माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

— एक निवृत्त सांख्यिकी सहायक, जि. सातारा